काळे पान, निराळा जोर : पाइपच्या गडद तंबाखूच्या नोंदी

६ जानेवारी २०२४

शेतमाल आणि त्यावरील प्रक्रिया यांविषयी आमचा छोटा गट जी मराठी संदर्भवही तयार करत आहे, तिच्यातील तंबाखूचे प्रकरण माझ्याकडे आले आहे. विडीची तंबाखू, खाण्याची तंबाखू, तपकीर आणि मिश्री यांविषयी मराठीत आधार घ्यावा असे लेखन मला मिळाले. पाइपच्या तंबाखूविषयी मात्र ‘उंची’ आणि ‘सुवासिक’ या दोन विशेषणांपलीकडे जाणारा मजकूर हाती लागला नाही. मी उत्तर इंग्लंडमध्ये राहतो आणि येथून केंडल हे गाव जवळ आहे. काळ्या पाइप-तंबाखूचा जो जुना इंग्रजी प्रकार आजही तेथे तयार होतो, तो मिळवणे मला सोपे आहे, म्हणून प्रकरणातील हा भाग प्रथम हाती घेत आहे.

कामाचा मुख्य प्रश्न असा आहे. पाइप ओढणारे आणि विकणारे, दोघेही तंबाखूचे वर्णन करताना ‘गडद’ हा शब्द तीन अर्थांनी वापरतात : पानाचा रंग काळा आहे, चव भारी आहे आणि तंबाखू कडक आहे. हे तीन गुण नेहमी एकत्र येतात का, आणि येत नसतील तर प्रत्येकाचे कारण कोणते, हे नमुने समोर ठेवून तपासायचे आहे.

नमुने ठरले ते असे : केंडलची काळी ट्विस्ट, म्हणजे पाने पिळून केलेली दोरी, त्याच गावची गडद फ्लेक, म्हणजे दाबून पातळ पट्ट्यांत कापलेले पान, अमेरिकेतील केंटकी भागातील धुरावर सुकवलेले पान, सायप्रसची धुरात काळी केलेली लटाकिया, लुइझियानातील पिंपात आंबवलेली पेरीक, वाफ आणि दाब देऊन काळी केलेली कॅव्हेंडिश, आणि तुलनेसाठी भट्टीत सुकवलेली पिवळी व्हर्जिनिया. प्रत्येक नमुना जेवणानंतर, एकाच आकाराच्या लहान पाइपमधून आणि मध्ये किमान एक दिवस सोडून पाहायचा आहे. धूर छातीत घ्यायचा नाही. पाइपचा धूर तोंडातच फिरवायचा असतो, आणि ही गोष्ट पुढे जोराच्या चर्चेत महत्त्वाची ठरणार आहे.

‘जोर’ या शब्दाने मी या वहीत फक्त निकोटीनचा शरीरावर जाणवणारा परिणाम घेतो : उचकी, कपाळावर येणारा घाम, हलके गरगरणे, मळमळ. आपल्याकडे ‘तंबाखू लागली’ म्हणतात, तेच. ‘चव’ म्हणजे जिभेला आणि नाकाला जे कळते ते. धूर तोंडात दाट वाटतो की विरळ, याची नोंद ‘भरीवपणा’ या तिसऱ्या नावाखाली होईल, कारण भरीव धुरालाच कडक समजण्याची चूक सर्रास होते.

१३ जानेवारी

पांढऱ्या ताटलीत लटाकिया, काळी कॅव्हेंडिश आणि काळ्या ट्विस्टच्या चकत्या शेजारी शेजारी मांडल्या. खिडकीच्या उजेडात तिन्ही काळ्याच दिसतात. लटाकियाच्या कडांना किंचित तपकिरी छटा आहे आणि ट्विस्टला तेलकट चकाकी आहे. वास घेताच मात्र तिघांचे मार्ग वेगळे होतात. लटाकियाला ऊद, राळ आणि कमावलेल्या चामड्याचा वास आहे. कॅव्हेंडिशचा वास काकवीकडे झुकणारा, गोड आणि पोकळ आहे. ट्विस्टमध्ये प्रथम आंबटसर झणका येतो, मग डांबर आणि जुन्या लाकडी पेटीचा वास, आणि शेवटी नाकात टोचणारी एक तीक्ष्णता राहते.

१४ जानेवारी

ट्विस्ट फार ओली आहे. चकत्या चोळून मोकळ्या केल्या आणि उघड्या ठेवल्या. ओली तंबाखू पेटत नाही, पेटली तर वाफ फार होते आणि जीभ पोळते. त्यामुळे सर्व नमुने हाताला सारखेच कोरडे लागेपर्यंत चाचणी पुढे ढकलली आहे.

२० जानेवारी

केंडलला जाऊन आलो. केंट नदीच्या काठी वसलेले हे गाव जुन्या वेस्टमोरलंड परगण्यातले. येथील तंबाखूउद्योगाचा आरंभ १७९२ सालचा मानला जातो. त्या वर्षी टॉमस हॅरिसन याने ग्लासगोहून तपकीर दळण्याची यंत्रसामग्री येथे आणली. पुढे त्याच परंपरेतून सॅम्युएल गॉविथ आणि गॉविथ हॉगार्थ या दोन पेढ्या उभ्या राहिल्या आणि दीर्घकाळ वेगवेगळ्या चालून अलीकडे पुन्हा एकत्र आल्या. तपकिरीचे गाव म्हणून केंडल प्रसिद्ध असले, तरी माझ्या कामाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व तेथे अजूनही वळल्या जाणाऱ्या दोरीत आहे.

दोरी करण्याची रीत नीट समजून घेतली, कारण चवीचा अर्धा उलगडा तिच्यातच आहे. मधली शीर काढलेली लांब पाने एकामागून एक लावत जायची, त्यांच्यावर बाहेरचे पान गुंडाळायचे आणि फिरत्या यंत्राच्या साहाय्याने पीळ देत दोरी लांबवत न्यायची. यंत्र फिरते हे खरे, परंतु पान किती आणि कोठे द्यायचे हे कारागिराच्या बोटांनाच ठरवावे लागते. अशी वळलेली दोरी तशीच ठेवली, तर ती तपकिरी ट्विस्ट. तीच उष्णता देऊन दाबाखाली ठेवली, की पानातला रस बाहेर येतो, दोरीभर पसरतो, पुन्हा पानातच मुरतो, आणि रंग काळा होतो. म्हणजे तपकिरी आणि काळी ट्विस्ट यांतील फरक बहुतांशी शिजवण्याचा आहे; मूळ पान साधारण एकाच जातकुळीचे, धुरावर किंवा सावलीच्या हवेत सुकवलेले, जाड आणि गडद असते.

ही तंबाखू कोण वापरत असे, याचीही नोंद हवी. जहाजावरचे खलाशी आणि कोळशाच्या खाणीतले कामगार हे तिचे जुने गिऱ्हाईक. खाणीत ज्वालाग्राही वायूमुळे उघडी ज्योत चालत नसे, तेव्हा तोच दोरीचा तुकडा खाली असताना गालात धरायचा आणि वर आल्यावर चाकूने कापून पाइपमध्ये भरायचा. ओलसर, घट्ट आणि खिशात महिनोन् महिने टिकणारी वस्तू हवी असणाऱ्यांसाठी ती घडलेली आहे. पाइप-तंबाखू म्हणजे आरामखुर्चीत बसलेल्या साहेबांचा शौक, असे चित्र आपल्याकडे चित्रपटांमुळे रुजले आहे. या काळ्या दोरीचा इतिहास त्या चित्रात मुळीच बसत नाही, आणि संदर्भवहीत हे स्पष्टपणे यायला हवे असे मला वाटते.

२७ जानेवारी

काळी ट्विस्ट प्रथमच पूर्ण पाहिली. पातळ चकत्या कापून, चोळून, रात्रभर वाळवून घेतलेली अर्धी वाटी; वाटी म्हणजे पाइपचा तंबाखू भरायचा खळगा. पेटायला वेळ लागतो. दोनतीन काड्या लागल्या. पहिल्या झुरक्यांत अपेक्षेपेक्षा कमी चव आली. डांबराचा जो वास कोरड्या पानाला होता, तो धुरात जवळजवळ उतरतच नाही. त्याच्या जागी मातकट, किंचित आंबट, काळ्या मनुकांच्या सालीची आठवण देणारी चव येते आणि तिच्याखाली मऊ, तेलकट गोडवा राहतो. धूर थंड आणि दाट आहे. जिभेला चटका नाही. पिवळ्या व्हर्जिनियाने जीभ जितकी चुरचुरते, तितकी या काळ्या दोरीने मुळीच चुरचुरत नाही, ही नवख्याला फसवणारी गोष्ट आहे : तोंडाला जी तंबाखू इतकी मवाळ वाटते, तिच्या पोटात काय आहे हे तोंडाला कळत नाही.

जोर उशिरा आला. वाटी निम्मी होईपर्यंत काहीच नव्हते. त्यानंतर एक उचकी, मग कानशिलांवर घाम, आणि उठून उभे राहताच पायांतला विश्वास कमी झाल्याची जाणीव. पाइप तेथेच ठेवला. साखरेचे पाणी घेऊन पडून राहिल्यावर अर्ध्या तासाने बरे वाटले. पाइपमध्ये जोर उत्तरार्धात वाढण्याला कारण आहे. निखाऱ्याच्या खाली असलेली तंबाखू न जळता तापत असते. वरून येणारी वाफ आणि तिच्याबरोबरचे पदार्थ त्या खालच्या थरावर थंड होऊन बसतात आणि शेवटी तोच थर पेटतो. म्हणून जुने पाइपवाले तळाचा ओला गाळ ओढत नाहीत, टाकून देतात.

नोंद : चव मध्यम, भरीवपणा जास्त, जोर अतिशय जास्त.

३ फेब्रुवारी

लटाकिया, निव्वळ. ती अशी एकटी सहसा ओढत नाहीत, मिश्रणात घालतात. तुलनेसाठी मात्र शुद्ध नमुनाच हवा होता.

चव इतकी मोठी की खोलीचे पडदेसुद्धा दोन दिवस तिचा वास देत राहिले. धुपाटणे, राळ, ओल्या लाकडाचा धूर, आणि मागे किंचित आंबटपणा. पूर्ण वाटी संपवूनही शरीरावर काहीही परिणाम जाणवला नाही. काळ्या ट्विस्टशेजारी ठेवली तर रंगाने तिची बहीण वाटेल अशी ही तंबाखू जोराच्या बाबतीत दुसऱ्याच टोकाला आहे.

याचे कारण पानाच्या जातीत आहे. लटाकिया हे नाव सीरियातील लटाकिया बंदरावरून आले. आज बाजारात दिसणारी बहुतेक सायप्रसची असते. मूळ पान पौर्वात्य गटातले, लहान, उन्हात सुकवलेले आणि निकोटीनने गरीब. त्याचे प्रमाण साधारण एक टक्क्याच्या आसपास फिरते. सुकलेले पान नंतर मस्तकी, मर्टल, पाइन, ओक अशा झाडाझुडपांच्या फांद्या धुमसवून केलेल्या धुरात टांगतात. काळा रंग आणि सगळा दरवळ त्या धुराचा. धूर पानाला वास देतो, रंग देतो. निकोटीन देत नाही, कारण ते झाडाबाहेरून येणारच नाही.

१० फेब्रुवारी

मग ते झाडात कोठून येते, या प्रश्नाला आजचा दिवस दिला.

निकोटीन पानात साठते, पण तयार होते मुळांत. मुळांतून ते रसवाहिन्यांमार्फत वर चढते आणि पानांच्या पेशींत जमा होते. पाने कुरतडणाऱ्या किड्यांपासून बचाव हे त्याचे झाडाच्या दृष्टीने काम आहे, आणि झाडाला इजा झाली की मुळे त्याचे उत्पादन वाढवतात. शेतकरी नकळत याच यंत्रणेचा उपयोग करतो. फुलोरा येऊ लागला की शेंडा खुडतात आणि त्यानंतर पानांच्या बगलेतून येणारे फुटवेही काढून टाकतात. शेंडा जाणे ही झाडाला इजाच; शिवाय फुलाबियांकडे जाणारे सारे पोषण आता पानांकडे वळते. पाने जाड, चिकट आणि जड होतात, आणि वरच्या पानांत निकोटीन सर्वाधिक साठते.

माझे मामा निपाणीजवळच्या गावचे. त्यांच्या घरी दोन पिढ्या विडीची तंबाखू होती. संध्याकाळी त्यांना फोन केला आणि विचारले, “मामा, शेंडा खुडला नाही तर काय होतं हो?” ते म्हणाले, “पान पातळ राहतंय. दिसायला चांगलं, पण व्यापारी हातात घेऊन लगेच खाली ठेवतोय. आणि खुडून झाल्यावर दोन्ही हातांना जो काळा डिंक चिकटतोय न्हवं, तो चार दिवस निघत नाही. त्या हातानं भाकरी खाल्ली तर कडू लागतीय.” पुढे त्यांनी असेही सांगितले की पावसाने ओल्या झालेल्या शेतात काम केल्यावर नवख्या मजुराला ओकाऱ्या होत. हा ओल्या पानावरचे निकोटीन कातडीतून अंगात भिनल्याचा परिणाम. वैद्यकात त्याला हिरव्या तंबाखूचा आजार म्हणून ओळखतात. मामांच्या घरच्यांनी तो पुस्तक न वाचता ओळखला होता.

विडीची तंबाखू आणि पाइपची काळी तंबाखू यांची प्रक्रिया वेगळी, पण जोराचे मूळ एकच : दूर अंतरावर लावलेली रोपे, भरपूर नत्र, आणि वेळेवर खुडलेला शेंडा. निकोटीनच्या प्रत्येक रेणूत नायट्रोजनचे दोन अणू असतात, तेव्हा नत्रखताचा हात सैल असेल तर पान कडक होते यात नवल नाही. केंटकी-टेनेसीतील गडद तंबाखूच्या झाडावर शेंडा खुडताना साधारण बारा ते सोळाच पाने राखतात, म्हणजे मुळांची सगळी कमाई थोड्या पानांत वाटली जाते. त्या पानांत निकोटीन चार टक्क्यांच्या घरात जाऊ शकते.

१७ फेब्रुवारी

आमच्या गटातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापक बाईंशी दीर्घ चर्चा झाली. या आठवड्याची नोंद लांब होणार आहे, कारण मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा येथे आहे.

पानात किती निकोटीन आहे, एवढ्यावर जोर ठरत नाही. त्यातले किती ओढणाऱ्याच्या रक्तात जाते, यावर तो ठरतो. निकोटीन अल्कधर्मी पदार्थ आहे. धूर आम्लधर्मी असेल तर निकोटीनचा रेणू विद्युतभारित क्षाराच्या रूपात राहतो आणि तोंडातील श्लेष्मल त्वचेतून आत जाण्यास असमर्थ ठरतो. धूर अल्कधर्मी असेल तर तो मुक्त रूपात असतो आणि गालाच्या, जिभेच्या त्वचेतून सहज शोषला जातो. सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) ८ च्या आसपास असेल तेव्हा निकोटीनचे निम्मे रेणू मुक्त असतात. सामू ७ ला सुमारे नऊ टक्के, आणि ६ ला फक्त एक टक्का. एका एका अंकाने एवढा फरक पडतो, हे बाईंनी वहीवर मांडून दाखवले, तेव्हा ट्विस्ट आणि व्हर्जिनिया यांतील अंतर मला प्रथमच नीट समजले.

आता धुराचा सामू कशाने ठरतो? मुख्यतः पानातील साखरेने. तंबाखू भट्टीत सुकवताना काम आठवड्याभरात उरकते. पान पिवळे होईपर्यंत त्यातील पिष्टाची साखर होते, आणि लगेच उष्णता वाढवून पान मारले जाते, त्यामुळे साखर तशीच कोंडली जाते. व्हर्जिनियात ती पानाच्या वजनाच्या पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत असू शकते. जळताना या साखरेपासून आम्ले तयार होतात आणि धूर आम्लधर्मी होतो. उलट, सावलीत किंवा मंद धुरावर सुकणारे पान कित्येक आठवडे जिवंत राहते, श्वसन चालू ठेवते आणि आपली साखर स्वतःच खाऊन टाकते. उरतात नायट्रोजनयुक्त पदार्थ; ते जळताना अमोनिया देतात आणि धूर अल्कधर्मी बाजूला सरकतो.

म्हणून सिगारेटचा धूर छातीत ओढावा लागतो आणि चिरूटाचा किंवा काळ्या पाइप-तंबाखूचा तोंडातच पुरेसा असतो. सिगारेट आणि चिरूट यांच्या धुरातील निकोटीन तोंडातून किती शोषले जाते, याची तुलना आर्मिटेज आणि टर्नर यांनी १९७० साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केली होती, आणि तिचा रोख हाच होता.

घरी एक साधी चाचणी केली. ओल्या तांबड्या लिटमस कागदावर दोन्ही तंबाखूंचा धूर सोडला. ट्विस्टच्या धुराने, विशेषतः वाटीच्या उत्तरार्धात, कागदावर निळसर छटा आली. व्हर्जिनियाच्या धुराने आली नाही. धुरातील डांबर कागद पिवळट करते, त्यामुळे हा पुरावा ढोबळ आहे आणि संदर्भवहीत मी तो घालणार नाही; पण बाईंच्या वहीवरचे गणित डोळ्यांना दिसले, याचे समाधान मोठे होते.

यातून जिभेचाही उलगडा होतो. व्हर्जिनियाची चव गोड, तजेलदार आणि चुरचुरणारी. काळ्या तंबाखूची मातकट आणि शांत. साखर एकीकडे चव उजळ करते आणि दुसरीकडे निकोटीनला अडवून धरते. गोड चवीची तंबाखू सौम्य लागते, ती केवळ मनाची समजूत नाही.

२४ फेब्रुवारी

केंटकीचे धुरावर सुकवलेले पान. पश्चिम केंटकी आणि त्याला लागून असलेला टेनेसीचा भाग या गडद पानामुळे ‘ब्लॅक पॅच’ म्हणून ओळखला जाई. भाव पाडणाऱ्या मोठ्या खरेदीदारांविरुद्ध तेथील शेतकऱ्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जो लढा दिला, तो हिंसक वळणावर गेला. डिसेंबर १९०७ मध्ये ‘रात्रीचे स्वार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शेतकऱ्यांच्या सशस्त्र टोळ्यांनी हॉपकिन्सव्हिल गावावर हल्ला करून तंबाखूची गोदामे जाळली. निपाणीच्या तंबाखू उत्पादकांचे १९८१ सालचे आंदोलन ज्यांच्या घरात आजही आठवते, त्यांना भाव आणि खरेदीदार यांच्या या भांडणाचे स्वरूप परके वाटणार नाही.

सुकवणी अशी. उंच लाकडी कोठारात काठ्यांवर झाडे टांगतात, पान पिवळे पडू देतात, आणि मग खालच्या जमिनीवर हिकरी किंवा ओकच्या फळ्या पेटवून त्यांवर भुसा टाकतात, जेणेकरून ज्वाला न उठता धूर होत राहील. ही धुमी काही आठवडे थांबत, पुन्हा लावत चालते. शरद ऋतूत कोठारांच्या छपरांतून धूर निघताना दिसतो आणि अनोळखी माणसाला आग लागल्याचा भास होतो. लाकडातील लिग्निन तापून फुटले की ग्वायकॉल आणि त्याच्या कुळातील फिनॉल तयार होतात; तेच पानावर बसतात आणि चुलीवर भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा खमंग, करपट वास देतात.

लटाकियाही धुरावरची, ही सुद्धा धुरावरची. दोघींच्या चवीत मात्र साम्य कमी आहे. लटाकियात सुगंधी झुडपांची राळ बोलते. केंटकीत लाकूड बोलते, आणि त्याच्याखाली पानाची स्वतःची जाड, मिरमिरीत चव टिकून असते. अर्ध्या वाटीत जोर आला, ट्विस्टपेक्षा थोडा कमी आणि थोडा लवकर. घशाच्या मागे हलकी टोच राहिली, ती ट्विस्टमध्ये नव्हती. शिजवण्याने ही टोच जाते असे दिसते. केंडलच्या कारागिरांना दोरी शिजवून काय साधायचे होते, ते यावरून कळले : जोर तसाच ठेवून कडा घासून काढणे.

नोंद : चव जास्त, भरीवपणा जास्त, जोर जास्त.

२ मार्च

काळी कॅव्हेंडिश. व्हर्जिनिया किंवा बर्ली (हवेत सुकवलेले फिके अमेरिकी पान) वाफ आणि दाब देऊन काळे केलेले. साखर आणि अमिनो आम्ले यांची उष्णतेने होणारी अभिक्रिया रंगाला कारण आहे. धूर मऊ, गोड, जवळजवळ चवहीन. वर लावलेला व्हॅनिला संपला की मागे काही उरत नाही. जोर नाहीच म्हटले तरी चालेल. या नमुन्यावर अधिक लिहिण्याजोगे मला सापडत नाही.

९ मार्च

पेरीक. लुइझियानातील सेंट जेम्स परगण्यात, मिसिसिपीच्या काठच्या एका लहानशा पट्ट्यात होणारे हे पान जगात फार थोड्या प्रमाणात पिकते. चॉक्टॉ आणि चिकसॉ या मूळ रहिवाशांकडून तेथील वसाहतवाल्यांनी ही रीत घेतली, आणि पिएर शने या शेतकऱ्याने १८२४ च्या सुमारास ती व्यापारी पातळीवर नेली, अशी तिकडची परंपरा सांगते.

येथे धूर नाही, उष्णता नाही. सुकलेली पाने किंचित ओलावून, जुड्या करून ओकच्या पिंपात भरतात आणि वर मळसूत्री दाब देतात. पानांचा रस सुटतो आणि पाने त्या रसात बुडून हवेविना आंबतात. काही महिन्यांच्या अंतराने पिंप उपसून पाने मोकळी करतात, हवा देतात आणि पुन्हा दाबतात. वर्ष किंवा त्याहून अधिक काळ हे चालते. लोणच्याच्या बरणीची काळजी घेणारे हात या कामातील संयम ताबडतोब ओळखतील.

चव विलक्षण. सुके अंजीर, आलुबुखार, मागून काळी मिरी. मिरीची झणझण नाकातून धूर सोडताना स्पष्ट कळते. एवढ्या तीव्र चवीमुळे मिश्रणात पेरीक चिमटीनेच घालतात. शंभरात पाच-दहा भागही पुष्कळ होतात. मी निव्वळ पेरीक पाव वाटीच पाहिली, आणि तेवढ्यात उचकी आली. चव आणि जोर दोन्ही जास्त असलेला हा एक नमुना. लटाकियावरून मी जो निष्कर्ष काढू पाहत होतो, की चवीच्या मागे लागलेली तंबाखू जोराने कमी असते, तो येथे टिकत नाही; दोघांचा परस्परांशी ना सरळ संबंध आहे, ना उलटा.

१६ मार्च

केंडलची ‘१७९२ फ्लेक’. नाव त्या गावच्या गिरणीच्या वर्षावरून. धुरावरचे गडद पान दाबून, वड्या करून, पातळ पट्ट्यांत कापलेले, आणि वर टोंका बीचा वास दिलेला. टोंका बी दक्षिण अमेरिकेतील एका मोठ्या वृक्षाचे. तिच्यातील कुमारिन या पदार्थामुळे ताज्या वाळलेल्या गवताचा, व्हॅनिला आणि कडू बदाम यांच्या मधला वास येतो. अमेरिकेत खाद्यपदार्थांत कुमारिन मिसळण्यास १९५४ पासून मनाई आहे.

डबी उघडल्यावर केवळ वासावरून हिला हलकी, मिठाईच्या जातीची तंबाखू समजण्याचा धोका आहे. आमच्याकडे आलेल्या एका परिचितांनी, जे नेहमी व्हॅनिलाची सौम्य तंबाखू ओढतात, नेमके तसेच समजून वाटी भरली आणि पाव भाग झाल्यावर खिडकीशी जाऊन उभे राहिले. वरून लावलेला सुवास जोराला स्पर्श करत नाही. खाली चार टक्क्यांचे पान असेल तर ते चार टक्क्यांचेच राहते.

याच नमुन्यात मला सर्वांत सुंदर चव मिळाली, हेही नोंदवतो. केंटकीचे करपट लाकूड आणि टोंकाचा गवती गोडवा एकमेकांना दाबत नाहीत. पहिल्या तृतीयांशात टोंका पुढे असते, मग ती मागे सरते आणि पान बोलू लागते. डबीत वर्ष-दोन वर्षे मुरलेली फ्लेक अधिक गोल लागते, असे जुने लोक सांगतात. एक डबी त्यासाठी बाजूला ठेवली आहे.

२३ मार्च

आरोग्याचा मजकूर लिहून झाला. तो पानाच्या तळाशी बारीक अक्षरात न टाकता जोराच्या चर्चेतच घातला आहे, कारण त्याची जागा तीच आहे.

पाइपचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून पाइप निरुपद्रवी, हा समज खोटा आहे. जो अल्कधर्मी धूर तोंडातून निकोटीन पोचवतो, तोच तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या अस्तरावर काम करत असतो, आणि या अवयवांच्या कर्करोगाशी पाइपचा संबंध प्रस्थापित आहे. धुरावर सुकवलेल्या पानाबाबत आणखी एक गोष्ट आहे. सुकवणीच्या काळात पानातील निकोटीन आणि त्याची भावंडे यांच्यापासून तंबाखूतील विशिष्ट नायट्रोसामाइन तयार होतात; त्यांपैकी एनएनएन आणि एनएनके यांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. लाकडाच्या धुरातून बेंझोपायरीनसारखे पदार्थ पानावर बसतात ते वेगळेच. ज्या खमंग वासाचे मी गेल्या महिन्यात कौतुकाने वर्णन केले, तो आणि हे पदार्थ एकाच कोठारातून, एकाच धुरातून येतात. दोन्ही वाक्ये संदर्भवहीत शेजारी शेजारी असतील.

चाचण्या येथे थांबवत आहे. पुढील काम लेखनाचे आहे.

३० मार्च

नोंदींची अंतिम रचना गटाच्या बैठकीत मान्य झाली. प्रत्येक तंबाखूखाली ‘रंग व त्याचे कारण’, ‘चव व तिचे कारण’, ‘भरीवपणा’ आणि ‘जोर व त्याचे कारण’ अशी चार स्वतंत्र कलमे असतील आणि ‘गडद’ हा शब्द फक्त पहिल्या कलमात वापरला जाईल. ‘कडक’ हा शब्द निकोटीनपुरता राखला आहे. चवीसाठी तो वापरायचा नाही. एका सदस्याने वाचकाच्या सोयीसाठी एकच एकत्रित श्रेणी देण्याची सूचना केली होती. मी विरोध केला, कारण लटाकिया आणि काळी ट्विस्ट अशा श्रेणीत एकाच पायरीवर बसल्या असत्या आणि ती पायरी वाचून एखाद्याने ट्विस्टची वाटी काठोकाठ भरली असती.

काळ्या ट्विस्टचे कलम असे लिहिले : “धुरावर किंवा हवेत सुकवलेल्या जाड पानांची पीळ दिलेली दोरी, उष्णता व दाब यांनी काळी केलेली. रंगाचे कारण शिजवणे. चव मातकट, किंचित आंबट, तेलकट गोडव्याची. कोरड्या पानाचा डांबरी वास धुरात उतरत नाही. धूर दाट व थंड, जिभेला चटका नाही. जोर अत्यंत जास्त; कारण शेंडा खुडलेल्या झाडाच्या पानातील निकोटीन आणि साखरेअभावी अल्कधर्मी होणारा धूर. परिणाम उशिरा व वाटीच्या उत्तरार्धात जाणवतो.”

मलावीतील धुरावर सुकवलेल्या पानाचा नमुना अद्याप मिळालेला नाही. तो आल्यावर रंग आणि वास यांची कलमे भरायची आहेत. चवीचे कलम ज्यांना त्या पानाचा दीर्घ अनुभव आहे अशा ओढणाऱ्याकडून घ्यायचे, असे ठरले.